रिकाम्या डब्याची शेवंती

आमच्या घरापुढच्या जागेला बाग म्हणायचं की अंगण, यावर आमच्या घरात आजवर एकमत झालेलं नाही. फाटकापासून दारापर्यंत फरशीची वाट आहे आणि वाटेच्या दोन्ही अंगांना मिळून तीन बाजा मावतील एवढी काळी माती. मी तिला अंगण म्हणतो. बायको बाग म्हणते, आणि म्हटल्याप्रमाणे तिची चाकरीही करते. मी नांदेडला पाटबंधारे खात्यात कारकून होतो. जन्मभर मी कागदावर जेवढं पाणी सोडलं, त्याहून जास्त या बाईनं बादलीनं त्या मातीत ओतलं असेल.

भाद्रपद निम्मा सरला की त्या जागेला मलाही बाग म्हणावंसं वाटतं, हे मात्र कबूल करतो. पावसाचा जोर ओसरलेला असतो आणि आश्विनातलं ऊन अजून अंगावर यायचं असतं. सकाळी फाटक उघडायला जावं तर पारिजातकाचा सडा. पाय कुठं ठेवावा कळत नाही. गोकर्णीचा वेल खिडकीच्या गजांतून घरात डोकावतो. तेरडा जागा मिळेल तिथं उगवतो आणि फुलून मोकळा होतो. झेंडूनं कळ्या धरलेल्या असतात, पण तो दसऱ्याची वाट बघत बसलेला असतो. या सगळ्या गर्दीत पाण्याच्या टाकीजवळच्या कोपऱ्यात शेवंती असते. असते एवढंच. ती फुलणार दिवाळीच्या आगेमागे, तोवर नुसता पाला. कातरलेली करडी-हिरवी पानं, गुडघ्याएवढी उंची, रूप म्हणाल तर काही नाही. मी तिच्याकडे कधी नीट पाहिलंच नव्हतं, आणि पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं.

ही शेवंती बाजारातली नव्हे. बायकोचं माहेर इस्लापूर. लग्नानंतर पहिल्या दिवाळीला ती माहेरी गेली, तेव्हा परत येताना सासूबाईंनी परसातल्या शेवंतीचे चार मुनवे, म्हणजे झाडाच्या बुडाशी फुटलेली पिलं, ओल्या फडक्यात गुंडाळून तिच्या पिशवीत घातले. फूल बारकं, सदऱ्याच्या बटणाएवढं, हळदीसारखं पिवळं. वास मात्र असा की एक फूल केसात असलं तरी बाई कोणत्या खोलीत आहे ते कळावं. रोपवाटिकेतली शेवंती हाताच्या पंजाएवढी आणि वासाच्या नावानं शून्य. आम्ही भाड्याची चार घरं बदलली. प्रत्येक वेळी टेम्पोत ड्रायव्हरशेजारी ही, हिच्या मांडीवर शेवंतीची कुंडी, आणि मागं कपाटाला धरून उभा मी.

हे रामायण घडलं त्याच्या आदल्या हिवाळ्यात सासूबाई गेल्या. उन्हाळ्यात मेहुण्यानं परसात फरशी टाकून घेतली. त्याचंही चुकलं म्हणता येणार नाही, ट्रॅक्टर लावायला त्याला जागा नव्हती. बायको तिकडं जाऊन ते बघून आली. संध्याकाळी टाकीजवळ बराच वेळ उभी राहिली आणि आत येऊन म्हणाली, "आईची शेवंती आता आपल्याकडंच राहिली बघा. तिकडं कायबी उरलं न्हाई." मी पेपर वाचत होतो. मी हूं म्हटलं.

मग श्रावणात लेकीचं दुसरं बाळंतपण आलं. डॉक्टरांनी प्रवास नको म्हणून सांगितलं, तेव्हा लेक नांदेडला यायच्या ऐवजी तिची आईच लातूरला गेली. जाताना मला बागेचा चार्ज दिला. खात्यात मी अनेक साहेबांकडून चार्ज घेतला, पण एवढ्या सूचना कुणी दिल्या नव्हत्या.

"झेंडूला पाणी कमी, जास्वंदीला जास्त. पारिजातकाची फुलं उचलून देवाला वाहायची, झाडूनं लोटायची न्हाईत. आणि शेवंतीचे शेंडे खुडायचे. खुडले की फुटवे फुटतात, तितकी फुलं जास्त. अहो, ऐकून राहिलात ना?"

"ऐकून राहिलो," मी म्हटलं. मी तेव्हा कुलपाची दुसरी किल्ली शोधत होतो.

निवृत्त माणसाच्या हातात रिकामा वेळ म्हणजे माकडाच्या हातात कोलीत. त्या साली पाऊस बरा झाला आणि कॉलनीतल्या मोकळ्या प्लॉटांवर गाजरगवत माणसाच्या कमरेला लागलं. सकाळी माझ्याबरोबर फिरायला येणारी चार म्हातारी मंडळी आठवडाभर त्याच विषयावर होती. एकाला त्यानं दम लागतो, एकाच्या अंगाला खाज सुटते. नगरसेवकाला, महापालिकेला, जगाला नावं ठेवून झाली. घरी येऊन मी आमच्याच अंगणात पाहतो तर तगरीखाली गाजरगवत! वाटेच्या कडेला गाजरगवत! दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दाखवत फिरणाऱ्या माणसाला आपल्या घरचं मुसळ दिसलं म्हणायचं. मी खुरपं शोधलं, जुना फुल शर्ट घातला, नाकाला रुमाल बांधला आणि कामाला लागलो.

कारकुनानं काम हातात घेतलं की तो ते तडीस नेतो. तगरीखालचं काढलं, वाटेचं काढलं, आणि टाकीच्या कोपऱ्यात पोचलो तर तिथं गवताचं माहेरघरच निघालं. दाट, एकाला एक लागून, तीच कातरलेली पानं. मी म्हटलं, आता सापडलास. मुळं जरा वेगळी वाटली होती, हे आज खरं सांगतो. बाकीचं गवत एका सोटमुळासकट सरळ निघत होतं; इथली मुळं जमिनीतून आडवी पळत होती आणि एका बुडातून दुसरं निघत होतं. मला वाटलं, जुनं असेल, मुरलं असेल. मी आणखी जोर लावला. शेवटचा धागा निघेपर्यंत कोपरा खणला. इतक्यात घंटागाडी आली. ढीग तिच्यात टाकला, कोपऱ्यावर पाणी मारलं, माती थापली आणि स्वच्छ बागेचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. लेकीनं टाळ्या वाजवणारे तीन हात पाठवले. मी खूश.

दुपारी जेवायला बसलो. ज्वारीची भाकरी मोडली आणि घास तोंडाशी नेला, तर हाताला एक वास आला. दोनदा साबण लावून हात धुतले होते, तरी येत होता. उग्र, कडवट, पण ओळखीचा. कुठला, ते आठवायला मला थोडा वेळ लागला. दिवाळीच्या दिवसांत बायको गजरे करून उठते आणि मला चहा देते, तेव्हा कपाबरोबर तिच्या हातांचा हाच वास येतो.

घास हातातच राहिला. तसाच उठून टाकीपाशी गेलो. तिथं काही नव्हतं. एक पान नाही, एक मूळ नाही. मी काम चोख करतो, असा माझा खात्यात लौकिक होता. स्कूटर काढून घंटागाडीच्या मागं गेलो, ती चौकात सापडली, ड्रायव्हर म्हणाला, "काका, ती खेप सकाळीच डेपोवर पडली. आता त्यावर धा गाड्या पडल्या असतील." परत आलो आणि टाकीच्या कट्ट्यावर बसलो. मला रडू आलं. साठी ओलांडलेला माणूस गवतासाठी रडतोय असं येणाऱ्याजाणाऱ्याला वाटलं असेल. पण तिच्या आईचं जे काही या जगात उरलं होतं, ते मी नाकाला रुमाल बांधून, मोठ्या उत्साहानं, स्वतःच्या हातानं उपटून कचऱ्यात घातलं होतं.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे तिचा फोन आला. बाळाचं सगळं सांगून झालं आणि ती म्हणाली, "पोरीनं फोटो दाखवला. छान केलंत. पण शेवंती दिसून न्हाई राहिली."

"तो कोपरा फोटोत आला नाही," मी म्हटलं.

"शेंडे खुडले का?"

"खुडले."

"सगळे?"

"सगळे," मी म्हटलं, आणि तेवढं एक उत्तर खरं होतं.

ती घटस्थापनेच्या आत घरी यायची होती. तोवर दहा दिवस होते आणि मला शेवंती उभी करायची होती. दुसरी आणून चालणार नव्हतं. वासानंच तिनं ओळखली असती. मग मला तिची एक खोड आठवली. या खोडीवरून मी तिला फार बोललेलो आहे.

कुणाचा डबा आला तर तो रिकामा परत द्यायचा नाही, ही आपल्याकडची रीत आहे. बाकीच्या बाया त्यात साखर घालतात, नाहीतर घरात जे असेल ते. ही शेवंतीचे मुनवे घालते. शेजारणीनं पुरणपोळ्या पाठवल्या, घे शेवंती. कुणी सांडगे दिले, घे शेवंती. मी म्हणायचो, "आपली काय सरकारी रोपवाटिका आहे का? वाटून वाटून एक दिवस आपल्यालाच उरणार नाही." ती म्हणायची, "वाटलेलंच उरतं." तेव्हा मला हे बायकी बोलणं वाटलं होतं. आता मी त्याच बोलण्याच्या भरवशावर गल्लीतली दारं वाजवत निघालो.

गल्लीत दोन घरी दिली होती. एकीच्या कुंडीत ती उन्हाळ्यात वाळून गेली होती. दुसरीनं तिच्या जागी कोरफड लावली होती आणि कोरफडीचे फायदे मला अर्धा तास ऐकवले. मग बायकोच्या लोहा गावच्या मैत्रिणीला फोन केला, तिलाही दिली होती. "अगं बाई, त्या जागी आता गाडीचं शेड झालं की," ती म्हणाली. मला राहवलं नाही, काय झालं ते सगळं मी तिला सांगून टाकलं. ती आधी हसली, मग म्हणाली, "चाकूरला सिस्टरकडं बघा की. त्यांच्या सासूबाईंचा हात लई चांगला हाय झाडाला."

मला ते माहीत होतं. चाकूरचं नाव मी मुद्दामच शेवटी ठेवलं होतं.

सिस्टर म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या नर्स. सहा वर्षांपूर्वीपर्यंत त्या आमच्या भिंतीला भिंत लावून राहत. घरात त्या आणि त्यांच्या सासूबाई. बौद्ध कुटुंब; हॉलमध्ये बुद्धाची पांढरी मूर्ती, तिच्यापुढं आमच्याच तगरीची फुलं, कारण तगरीची फांदी त्यांच्या बाजूला झुकलेली आणि माझ्या बायकोनं ती मला कधी छाटू दिली नाही. त्यांची चाकूरला बदली झाली त्या उन्हाळ्यातली गोष्ट. बुद्धपौर्णिमेला त्यांच्याकडून खिरीचा डबा आला. बायको तेव्हा इस्लापूरला गेली होती. मी एकटाच होतो. मी खीर खाल्ली, डबा घासला, पुसला आणि भिंतीवरून परत दिला.

चार दिवसांनी बायको आली. मी तिला मोठ्या फुशारकीनं सांगितलं की डबा मी घासून दिला. तिनं विचारलं, "काय घालून दिला?" मी म्हटलं, "काय घालायचं?" तिचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "अहो, आपण एवढ्या वर्षांत त्यांचा डबा रिकामा दिला न्हाई. आता नेमका त्या जायच्या वेळी, आणि घरात तुम्ही एकटे. त्यांना काय वाटलं असंल? खीर टाकली, असं वाटलं असंल." मी चिडलो. म्हटलं, असं कुणी मनात आणत नाही, तुझं आपलं काहीतरीच. पण मनात आणायला त्यांच्याकडं पिढ्यांचं कारण होतं आणि माझ्याकडं एका ओळीची सबब होती, हे मला त्या क्षणीही कळत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा ट्रक भरत होता. ही शेवंतीचा अख्खा गड्डा मातीसकट गोणपाटात बांधून धावत गेली. मी खिडकीतून बघत राहिलो. मी गेलो नाही.

त्यानंतर लेकीकडे जाताना मी कितीदा तरी चाकूरवरून गेलो असेन. नांदेडहून लातूरला जाणारी बस तिथं थांबतेच. बस थांबली की मी पेपर उघडायचो. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. कुणीतरी खिडकीतून हाक मारील आणि मला उतरावं लागेल, अशी भीती वाटायची.

या खेपेला उतरलो. बायकोला आणायला म्हणून एक दिवस आधीच निघालो होतो आणि पिशवीत मुनव्यांसाठी ओलं फडकं घेतलं होतं. दवाखान्याचं नाव सांगून घर विचारलं, लगेच सापडलं. लहानसं बैठं घर, पुढं तारेचं कुंपण. कुंपणाच्या आत तेलाचे पत्र्याचे जुने डबे ओळीनं मांडलेले आणि त्या प्रत्येकात करडी-हिरवी, कातरलेल्या पानांची, गुडघ्याएवढी झुडपं. आता मी ती अंधारातही ओळखली असती. सिस्टरच्या सासूबाई, म्हणजे आजी, पाटावर बसून नखानं शेंडे खुडत होत्या.

"कोण पायजे?"

"सिस्टर आहेत का?"

"ड्यूटीला गेली. सांजच्याला येईल. तुम्ही कुठले?"

"नांदेडचा. तुमच्या शेजारी राहायचो. इस्लापूरच्या ताईंचा मालक मी."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "हां," त्या म्हणाल्या. "रिकाम्या डब्याचे."

मला परत फाटकाबाहेर जावंसं वाटलं. पण त्यांनी "बसा" म्हटलं, आतून पाणी आणून दिलं, आणि मी सांगायला लागलो. गाजरगवत, खुरपं, घंटागाडी, भाकरीचा घास, सगळं. माझ्या सासूबाई गेल्याचं सांगितलं, परसात फरशी टाकल्याचं सांगितलं. आधी त्या गंभीर चेहऱ्यानं ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं, "गाजरगवत म्हणून?"

"हाव," मी म्हटलं.

"एवढं शिकून?"

"एवढं शिकून."

त्या हसायला लागल्या. तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की खोकला आला आणि मलाच उठून त्यांना पाणी द्यावं लागलं. "घ्या की लागंल तेवढी," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "तुमच्याच घरची हाय. इथं साऱ्या गल्लीत लावलीय म्या. रिकाम्या डब्याची शेवंती म्हणतेत तिला."

त्यांनी दोन डब्यांतली माती मोकळी केली, चार चांगली बुडं मुळांना धक्का न लावता काढली. मग हात थांबवून माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "एक इचारू का भाऊ? राग मानू नका."

"विचारा."

"खीर खाल्ली व्हती का टाकली व्हती?"

सहा वर्षं मी ज्या प्रश्नाला घाबरून बसमध्ये पेपर उघडत होतो, तो हा प्रश्न. आणि उत्तर इतकं सोपं होतं. "खाल्ली होती आजी. सगळी. ओट्यापाशी उभ्यानंच, डब्यात चमचा घालून. संपली तेव्हा बोटानं पुसून खाल्ली. त्यात चारोळी होती. आणि गूळ होता, साखर नव्हती."

आजी म्हणाल्या, "चारोळी घातली व्हती. बरुबर हाय." मातीचे हात त्यांनी लुगड्याला पुसले. "सून म्हणायची, खाल्ली असंल. ताईबी ट्रकापाशी तेच बोलली. म्या म्हणायची, खाल्ली असती तर डबा रिकामा कशाला येतोय? आमच्या हातचं म्होरल्या दारानं घेऊन मागल्या दारानं टाकणारे लई बघितलेत म्या, भाऊ."

"चुकलं माझं," मी म्हटलं. "मला तेव्हाच यायला पाहिजे होतं."

"मग आता आलात की," आजी म्हणाल्या, आणि उठून आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात स्टीलचा कडीचा डबा होता. काठाखाली त्यांचं नाव कोरलेलं. मी माझं फडकं काढलं होतं. त्यांनी ते डब्यात अंथरलं, त्यावर चारही बुडं उभी ठेवली आणि वरून पाण्याचा हबका मारला. "पिशवीत मुळं मोडतेत. ह्यातच न्या." झाकण लागत नव्हतं. ते त्यांनी वेगळं माझ्या हातात दिलं.

माझा बेत असा होता की लातूरला पिशवी कुठंतरी दडवायची आणि नांदेडला येऊन, ही अंघोळीला गेली की, गुपचूप कोपऱ्यात लावून टाकायची. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण लेकीच्या घरात पाऊल टाकलं आणि बायकोची नजर आधी माझ्या हाताकडंच गेली. ती बाळाला मांडीवर घेऊन तेल लावत होती. पिशवीतून शेवंतीचे शेंडे वर आलेले. ते तिनं पाहिलेच नाहीत. तिनं पिशवीच्या तोंडाशी दिसणारा डब्याचा काठ पाहिला.

"हा डबा सिस्टरच्या सासूबाईंचा हाय," ती म्हणाली. "तुम्ही चाकूरला उतरलात?"

मी मान हलवली आणि सगळं सांगितलं. त्या दिवशी दुसऱ्यांदा.  ती तेलाचे हात तसेच ठेवून बाळाकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा मी म्हटलं, "मला वाटलं तुला कळणार नाही. तो कोपरा फोटोत..."

"तो कोपरा फोटोत आला होता," ती म्हणाली. "डोळ्यात मोतीबिंदू झालाय, पण मी आंधळी न्हाई. दहा दिवस रोज विचारत होते की आज तरी हा माणूस खरं बोलंल." मग तिनं बाळाला लेकीकडं दिलं, हात पुसले, एक पान खुडून बोटांत चुरगळलं आणि नाकाशी धरलं.  "आईचीच हाय," ती म्हणाली. माझ्याशी त्या दिवशी ती पुढं फारसं बोलली नाही, पण रात्री जेवताना माझ्या ताटात न विचारता दोनदा भाजी वाढली. एवढ्या वर्षांच्या संसारात मला तेवढं वाचता येतं.

घट बसले त्या दिवशी शेवंती पुन्हा टाकीजवळ लागली. मी खड्डे केले, तिनं लावली. कोपऱ्याभोवती तिनं विटा रोवल्या, आणि आता विटांच्या आत मला खुरपं न्यायची परवानगी नाही. दसरा झाला, झेंडू तोडून दाराला तोरण झालं. डबा मात्र घासून ओट्यावरच्या फळीवर ठेवलेला. मी दोनदा म्हटलं, त्यात चिवडा घालून पाठवू, लाडू घालून पाठवू. ती म्हणाली, "त्यात दुसरं काय जायचं न्हाई."

उशिरा लागल्यामुळं फुलंही उशिरा आली. दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले तेव्हा पहिला बहर धरला. मोजून अकरा फुलं. मला वाटलं एखादं तरी सासूबाईंच्या फोटोला जाईल. तिनं अकराच्या अकरा देठासकट खुडली, डब्यात ओल्या फडक्यावर ठेवली, झाकण लावलं आणि डबा माझ्या हातात दिला.

"चल की तूही," मी म्हटलं.

"मी कशाला? रिकामा डबा मी दिला होता का?"

बसमध्ये सबंध रस्ता डबा मांडीवर धरून बसलो. आधी फोन केला होता, म्हणून सिस्टरही घरी होत्या. "या भाऊजी," म्हणाल्या, एवढ्या सहज, जणू मी कालच येऊन गेलो होतो. आजींनी कडी काढली. वासानं खोली भरली. त्यांनी फुलं एकेक करून बुद्धाच्या मूर्तीपुढं मांडली. एक मागं ठेवलं, ते हळूच स्वतःच्या अंबाड्यात खोचलं आणि सुनेकडं बघून हसल्या. मग मला म्हणाल्या, "बसा. असं जायचं न्हाई."

मी खाली चटईवर बसलो. आजींनी पातेलं आणून माझ्यासमोर ठेवलं आणि वाटी भरून खीर दिली. गुळाचीच होती, चारोळी घातलेली. दोघी बघत होत्या. मी खात राहिलो. तळाशी राहिलेली बोटानं पुसून घेतली आणि वाटी पुढं केली.

आजींनी ती हातात घेऊन आत वाकून पाहिलं. रिकामी होती. मग त्यांनी पळी उचलली.